बोहारीण

बोहारीण : घरोघर फिरून जुन्या कपड्यांच्या मोबदल्यात भांडी देणारी स्त्री. पुरुषास बोहारी म्हणतात. दारावरचा व्यवहार मात्र बहुतांशी स्त्रियांच्याच हाती राहिला, कारण दुपारी घरात असलेल्या बाईशी उंबऱ्यावर बसून बोलण्यावर तो चालतो. मुंबईत या व्यवसायात मुख्यतः गुजरातमधून आलेल्या वाघरी समाजाच्या स्त्रिया आढळतात. वस्त्रोद्योगातील शाश्वततेविषयीच्या लेखनात सूतगिरण्या, रंगाईचे कारखाने आणि मोठ्या नाममुद्रा यांनाच बहुतेक जागा मिळते. वापरून झालेले कापड घराबाहेर काढून पुन्हा बाजारात आणणारी पहिली व्यक्ती बोहारीण असल्याने तिची येथे स्वतंत्र नोंद केली आहे.

देवघेव : डोक्यावरच्या पाटीत भांडी आणि काखोटीला कपड्यांचे गाठोडे घेऊन ती फिरते. स्टेनलेस स्टील रूळल्यावर डबे, पातेली, ताटे, तर पुढे प्लॅस्टिकचे टब व बादल्या पाटीत आल्या. व्यवहारात रोकड नसते, त्यामुळे भाव वस्तूवस्तूंत ठरतो : या डब्याला आणखी एक साडी, त्या पातेल्याला दोन पँटी. घासाघीस दोन्हीकडून होते, पण जोखीम सारखी नसते. भांडी तिने रोखीने किंवा उधारीने आणलेली असतात. कपड्यांचे काय मिळेल हे ते विकले जाईपर्यंत कळत नाही. घरधनिणीचा मात्र नकोसा कपडा जाऊन हवे ते भांडे घरात येते. हा सौदा ‘फायद्यात पडला’ असे घराघरांत सांगितले जाते तेव्हा तोटा कोणाच्या पदरात गेला याची नोंद होत नाही.

कापडाची पारख : या व्यवसायाचे खरे भांडवल हेच. साडी उलगडून उजेडासमोर धरली की विरलेली जागा दिसते. निऱ्यांचा भाग, शर्टाची कॉलर, पँटीची बैठक येथे झीज आधी होते, म्हणून हात तिकडेच जातो. चिमटीत चोळून सुती, रेशमी की मिश्र धागा हे ओळखले जाते. नेसण्या-घालण्याजोगे कपडे धुऊन, शिवून, इस्त्री करून आठवडी बाजारात विकले जातात. फाटक्या सुती कपड्यांच्या पुसण्याच्या चिंध्या होतात व त्या गॅरेज, छापखाने आणि कारखान्यांत जातात. त्यांत पांढऱ्या सुताला मान अधिक, कारण पुसताना त्याचा रंग उतरत नाही. बनियनचे विणीचे कापड तेल चांगले शोषते. जुन्या भरजरी साडीचा हिशेब निराळा : खरी जर म्हणजे रेशमी दोऱ्यावर गुंडाळलेली चांदीची तार, वर सोन्याचा मुलामा. काठपदर जाळून चांदी वेगळी काढता येते, म्हणून असे कापड जीर्ण झाले तरी विकले जाते. प्लॅस्टिकच्या पट्टीपासून केलेल्या हल्लीच्या जरीला ही किंमत नाही. सर्वांत मऊ, धुऊन धुऊन विरलेली सुती लुगडी मात्र बोहारणीपर्यंत क्वचितच पोहोचत. घरातच त्यांची बाळाची दुपटी, लंगोट आणि गोधडी होई.

दिल्ली : या व्यवसायाचा सर्वांत तपशीलवार अभ्यास दिल्लीत झाला आहे. मानवशास्त्रज्ञ ल्यूसी नॉरिस यांचा ‘रिसायकलिंग इंडियन क्लोदिंग’ हा ग्रंथ २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. पश्चिम दिल्लीतील रघुबीरनगरच्या बाजारात वाघरी स्त्रिया गोळा केलेले कपडे पहाटे विकायला आणतात. रेशमी साड्या पुढे उशांचे अभ्रे, घागरे आणि परदेशी पर्यटकांसाठीचे पोशाख होतात. एकाच साडीला नेसणारी, गोळा करणारी, कापणारी आणि शेवटी दूर देशी घालणारी अशा स्त्रियांची साखळी लाभते, आणि त्या एकमेकींना कधीच भेटत नाहीत.

पानिपत : जुने कापड स्त्रियांच्या हातून जाते असे दुसरे ठिकाण म्हणजे हरियाणातील हे शहर. येथे परदेशातून येणाऱ्या जुन्या लोकरी कपड्यांचे पुन्हा सूत केले जाते. या सुताला शॉडी म्हणतात. त्याची पद्धत १९ व्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधील यॉर्कशर परगण्यात बॅटली येथे रूढ झाली. आयात चिंध्या पुन्हा कपडे म्हणून विकता येऊ नयेत यासाठी कापलेल्या असाव्या लागतात. स्त्रिया उभ्या पात्यावर बटणे, चेन व लेबले काढतात आणि ढीग रंगांनुसार लावतात. रंग मुळातच असल्याने नवी रंगाई टळते व पाणी वाचते. ही शॉडीची मोठी जमेची बाजू. मात्र कपडे फाडणाऱ्या यंत्रांतून उडणारा तंतूंचा धुरळा कामगारांच्या छातीत जातो आणि पुनर्वापराच्या कौतुकात त्याचा उल्लेख राहून जातो. येथील घोंगड्या मदतसंस्था आपत्तिग्रस्तांसाठी घेत. पुढे पॉलिएस्टरच्या हलक्या, स्वस्त ब्लँकेटांनी ती मागणी घटवली. मेघना गुप्ता यांच्या ‘अनरॅव्हल’ (२०१२) या लघुपटात या कामगार स्त्रियांचे बोलणे ऐकायला मिळते.

सामाजिक स्थान : महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत वाघरींचा समावेश आहे. १८७१ पासूनच्या ज्या कायद्याने अनेक जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला तो १९५२ मध्ये रद्द झाला आणि त्या जमाती विमुक्त म्हणवल्या गेल्या. दारावर आलेल्या बाईकडे संशयाने पाहण्याची सवय मात्र टिकून आहे.

संस्था : अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये स्थापन केलेली ‘गूंज’ शहरी कपडे ग्रामीण भागात पोहोचवते व जुन्या सुती कापडाचे सॅनिटरी पॅड तयार करते. गुप्ता यांना २०१५ मध्ये मॅगसायसाय पुरस्कार मिळाला.

सद्यःस्थिती : पॉलिएस्टर व सुताच्या मिश्र धाग्याचे कापड चिंधी म्हणून तेल नीट शोषत नाही, त्यातून सूत वेगळे काढणे अवघड असते आणि त्याची गोधडीही उबदार, मऊ होत नाही. अल्पकाळ घालून टाकून द्यायचे स्वस्त कपडे बहुधा याच धाग्याचे असतात. गाठोडे उलगडून बोहारीण असे कपडे बाजूला सारते, आणि ते घरातून थेट कचऱ्याच्या गाडीत जातात.