दगडावरची नावे

पुण्याच्या जंगली महाराज रस्त्यावरून आपली नित्य ये-जा असते. परंतु त्या रस्त्यालगतच जमिनीच्या पोटात पाताळेश्वराचे लेणे आहे, याची आठवण आपल्याला क्वचितच होते. राष्ट्रकूटांच्या राजवटीत, आठव्या शतकाच्या सुमारास, हे शिवालय काळ्या पाषाणात कोरले गेले. समोरचा वर्तुळाकार नंदीमंडप त्याच खडकातला. काम मात्र अपुरेच राहिले. इ. स. ७५८ व ७६८ च्या राष्ट्रकूट ताम्रपटांत ‘पुण्यविषय’ आणि ‘पूनकविषय’ ही या प्रदेशाची नावे आढळतात. म्हणजे हे लेणे पुण्याच्या लिखित इतिहासाच्या बरोबरीचे होय.

आपल्या जिल्ह्यातील लेणी केवळ राजांनी घडवली आणि राखली, असे नाही. कार्ल्याचे शिलालेख पाहावेत. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल, सुगंधी द्रव्यांचा व्यापारी सिंहदत्त, सामी नावाचा सुतार, धेनुकाकटाचे यवन, अशा दात्यांची नावे तिथे कोरलेली आहेत. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने तर तेथील भिक्षूंच्या निर्वाहासाठी करजिक हे गावच दान दिले.

दगडावर दुसऱ्या प्रकारची नावेही असतात. १८१९ साली जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी अजिंठ्यास पोहोचला आणि दहाव्या लेण्यातील प्राचीन चित्रावर त्याने आपले नाव खरडले. पहिल्या नावांनी लेण्याला काही दिले. या नावाने त्याचे काही हिरावून घेतले. खिळ्याने वा खडूने भिंतीवर नाव लिहिणारा आजचा प्रवासीही स्मिथच्याच पंक्तीत बसतो.

आम्हां ख्रिस्ती वाचकांना हा विषय परका नाही. बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यात सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी प्रार्थनामंदिर केले. तिथे कोरलेला क्रूस आजही दिसतो. तेच स्थान त्याआधी शिवाचे होते आणि आज पुन्हा तिथे शिवपूजा होते. एकाच दगडापुढे निरनिराळ्या श्रद्धांची माणसे नतमस्तक झाली, हे ज्याला उमगले, तो इतरांच्या देवळात उद्धटपणे वागणार नाही.

पाताळेश्वर हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखालील स्मारक आहे. १९५८ च्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार अशा स्मारकाची नासधूस करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. परंतु प्रत्येक खांबाशी पहारेकरी उभा करता येत नाही. म्हणून धर्मग्रामाची सहल तिथे नेताना मुलांना आधीच सांगावे: पादत्राणे बाहेर ठेवा, कोरीवकामाला हात लावू नका, हाताचा घाम व तेल दगडात मुरते, खाऊ आणि कागद आत नेऊ नका, पूजा चालू असेल तर शांतपणे बाजूला थांबा.

बाराशे वर्षांपूर्वीच्या त्या पाथरवटांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. ज्यांनी एवढे घडवले त्यांनी नाव मागे ठेवले नाही. मग केवळ पाहायला जाणाऱ्या आपण तरी ते का ठेवावे?