पोकर : हरण्याचे गणित आणि खिशाची शिस्त

गोकुळाष्टमीच्या रात्री आणि दिवाळीत पत्ते कुटण्याची प्रथा ठाणे-रायगड पट्ट्यात जुनी आहे. बदलापूर परिसरातील चामटोलीसारख्या गावांनाही ती अपरिचित नाही. रमी आणि तीन पत्तीच्या जोडीला पुढे पोकर आला, तो मुख्यतः मोबाइलमधून. खेळ बदलला, ‘गेलेले वसूल करूनच उठायचे’ हा हट्ट मात्र तोच राहिला.

पोकरसाठी वेगळ्या काढलेल्या रकमेस ‘बँकरोल’ म्हणतात. घरभाडे, शाळेची फी, रेल्वेचा पास यांपैकी कशाशीही तिचा संबंध नसावा, ही पहिली अट. उसना पैसा तर बँकरोल नव्हेच. मेजावर बसताना जेवढी रक्कम घ्यायची, तिच्या किमान वीस ते तीस पट रक्कम गाठीशी असावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. म्हणजे ५०० रुपयांच्या मेजासाठी १० ते १५ हजार रुपये. त्यातील निम्मे गेले की लहान मेजावर उतरावे. हे उतरणे अनेकांना मानहानीचे वाटते. परंतु जाणता खेळाडू ओळखू येतो तो इथेच.

एवढी रक्कम कशासाठी? एकाच्या हाती दोन एक्के आणि दुसऱ्याच्या हाती दोन राजे असताना सर्व पैसे लागले, तरी पाच डावांत साधारण एकदा एक्केवालाच हरतो. नियमित खेळणाऱ्यावर असे डाव लागोपाठ ओढवणारच. पत्त्यांना मागचा डाव आठवत नसतो. माँटे कार्लोच्या कॅसिनोत १९१३ साली रूलेटवर काळा रंग सलग २६ वेळा आला आणि ‘आता तांबडा येणारच’ म्हणणारे बुडाले. दर हारीनंतर रक्कम दुप्पट करण्याची युक्तीही अशीच फसवी आहे. १०० रुपयांपासून सुरुवात करून सलग आठ डाव हरणाऱ्याचे २५,५०० रुपये जातात. नवव्या डावाला २५,६०० लावून तो जिंकलाच, तर एकूण नफा अवघा १०० रुपये!

रागाच्या भरात खेळण्यास ‘टिल्ट’ म्हणतात. पिनबॉलचे यंत्र फार हलवले की त्यावर हा शब्द उमटून खेळ बंद पडे. त्यावरून हे नाव आले. हलक्या पानांवर पैसे लावणे, पाने टाकून देण्याचा कंटाळा, एकदम मोठ्या मेजाकडे धाव ही त्याची लक्षणे. सभापर्वातील युधिष्ठिर राज्य, बंधू, स्वतः आणि अखेर द्रौपदी पणाला लावतो, आणि सारे परत मिळाल्यावर पुन्हा खेळायला बसतो. त्या क्षणी विवेक उरत नसल्याने मर्यादा आधीच ठरवावी लागते. तीन वेळा घेतलेली रक्कम गेली की उठायचे, एटीएम कार्ड घरी ठेवायचे, प्रत्येक बैठकीचा हिशेब वहीत मांडायचा. या वहीचा अनेकांना धसका असतो. कारण बँकरोल कमकुवत खेळाडूला तारत नाही, त्याचे बुडणे केवळ लांबवतो. शिवाय कॅसिनो प्रत्येक डावातून आपला हिस्सा कापून घेतो, तो वेगळाच.

कायद्याचे भान हवे. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरवला, तर तीन पत्तीचा फ्लश निव्वळ नशिबाचा. गोव्यात परवानाधारक कॅसिनो आहेत. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर मात्र, ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी घातली. खेळ सुटत नसेल, तर केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत समुपदेशन मिळते.