२६ नोव्हेंबर १९४९ : घटना मंजूर झाली

शनिवार होता. दिल्लीत घटना समितीचे अध्यक्ष डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी प्रस्ताव मताला टाकला आणि टाळ्यांच्या कडकडाटात भारताची राज्यघटना स्वीकृत झाली. ३९५ कलमे, ८ परिशिष्टे. ९ डिसेंबर १९४६ रोजी सुरू झालेले काम पुरे होण्यास जवळजवळ तीन वर्षे लागली. तेव्हा या दिरंगाईवर टीकाही झाली. पण मसुद्यावर सुचवलेल्या दुरुस्त्याच साडेसात हजारांच्या वर होत्या, हे टीकाकार सोयीस्करपणे विसरत.

मसुदा समिती म्हणायला सात जणांची. प्रत्यक्षात कोणी राजीनामा दिलेला, कोणी वारलेले, कोणी अमेरिकेत, तर कोणी प्रकृतीमुळे दिल्लीबाहेर. सारा भार अखेर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर पडला, हे घटना समितीतीलच टी. टी. कृष्णम्माचारी यांनी भर सभागृहात सांगितले होते. गंमत अशी, की बाबासाहेब आधी बंगालमधून घटना समितीवर निवडून आलेले. फाळणीने ती जागा गेली. मग बॅ. मु. रा. जयकरांच्या राजीनाम्याने रिकाम्या झालेल्या जागेवर १९४७ च्या जुलैत मुंबई प्रांताने त्यांना पुन्हा पाठवले. ती जागा रिकामी नसती तर?

नागरिकत्व, निवडणुका अशी काही मोजकी कलमे २६ नोव्हेंबरलाच लागू झाली. सदस्यांनी सह्या केल्या त्या २४ जानेवारी १९५० रोजी, आणि उरलेली घटना दोनच दिवसांनी अमलात आली.