रक्ताभिसरणाचा शोध: हार्वेचा हिशोब

हृदयाला चार कप्पे असतात हे तुम्ही शाळेतच शिकला आहात. वर दोन अलिंदे, खाली दोन निलये. उजव्या निलयातून रक्त फुप्फुसांकडे जाते, तेथे ऑक्सिजन घेऊन डाव्या अलिंदात येते, डाव्या निलयातून महाधमनीवाटे शरीरभर पोहोचते आणि शिरांवाटे पुन्हा उजव्या अलिंदात परतते. आज हे इतके उघड वाटते, की सुमारे चौदाशे वर्षे विद्वान वैद्य वेगळेच काही शिकवत होते यावर विश्वास बसत नाही. ती समजूत कशी मोडली, ते या पाठात पाहू.

गेलेनची मांडणी

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गेलेन याच्या मते, अन्नापासून यकृतात रक्त तयार होते, ते शिरांतून अवयवांकडे जाते आणि तेथेच खर्ची पडते. म्हणजे रक्त परत येण्याचा प्रश्नच नव्हता. मग डाव्या निलयात रक्त कोठून येते? दोन निलयांमधील पडद्याला सूक्ष्म छिद्रे असून त्यांतून ते झिरपते, असे त्याचे उत्तर होते. ही छिद्रे कोणीही पाहिली नव्हती, तरी युरोपात आणि अरब जगात गेलेनचा शब्द प्रमाण मानला जाई.

पहिले आक्षेप

कैरोत काम करणाऱ्या इब्न अल-नफीस याने १२४२ च्या सुमारास स्पष्ट लिहिले, की हा पडदा भरीव आहे आणि रक्त उजवीकडून डावीकडे फुप्फुसांतूनच जाते. पुढे १५५९ मध्ये इटलीतील रेआल्दो कोलोंबो याच्या ग्रंथातही हाच निष्कर्ष आला. मात्र दोघांनी सांगितला तो फक्त फुप्फुसांचा लहान फेरा. शरीराचा मोठा फेरा अजून कोणी जोडला नव्हता.

हिशोब आणि पट्टी

तो जोडला इंग्रज वैद्य विल्यम हार्वे याने. पादुआ विद्यापीठात त्याचे गुरू फाब्रिसियस यांनी शिरांमधील झडपांचा अभ्यास केला होता. १६२८ मध्ये फ्रँकफर्टला छापलेल्या आपल्या छोट्या लॅटिन ग्रंथात हार्वेने एक साधा हिशोब मांडला. प्रत्येक ठोक्याला हृदय फक्त अर्धा औंस रक्त बाहेर टाकते असे धरा. अर्ध्या तासात हजार ठोके पडले, तर ५०० औंस, म्हणजे आजच्या मापाने सुमारे १५ किलो रक्त होते. एवढे रक्त साऱ्या शरीरातही नसते! मग यकृत अन्नापासून ते दर अर्ध्या तासाला नव्याने कसे बनवील? अर्थात तेच रक्त फिरून परत येत असले पाहिजे.

हार्वेने आकडे मुद्दाम कमी धरले होते. आज आपण जाणतो, की विश्रांतीच्या वेळी प्रौढ माणसाचे हृदय दर ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर, म्हणजे मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त ढकलते. शरीरातले एकूण रक्तही साधारण तेवढेच असते.

हिशोबाला त्याने प्रयोगाची जोड दिली. दंडाला घट्ट पट्टी बांधली, की मनगटाची नाडी लागत नाही आणि हात गार पडतो. पट्टी थोडी सैल केली, की धमनीतून रक्त हातात शिरते, पण वरवरच्या शिरांतून परतू शकत नाही. म्हणून पट्टीच्या खालच्या शिरा फुगतात. याचा एक भाग तुम्हीही करून पाहा. हात खाली सोडा. कोपराखालच्या एखाद्या फुगलेल्या शिरेवर एक बोट दाबून ठेवा आणि दुसऱ्या बोटाने त्यातले रक्त कोपराच्या दिशेने सारा. झडप ओलांडल्यावर हे दुसरे बोट उचला. शीर झडपेपर्यंत रिकामीच राहते, कारण झडप रक्ताला मागे येऊ देत नाही. आता पहिले बोट उचला. शीर खालून लगेच भरते.

राहिलेला दुवा

पॅरिसच्या झाँ रिओलाँसारख्या नामवंतांनी हार्वेला विरोध केला. शिवाय त्याच्या सिद्धान्तात एक दुवा खरोखरच कमी होता: धमन्यांतले रक्त शिरांत जाते कसे, हे तो दाखवू शकला नाही. १६५७ मध्ये त्याचे निधन झाले. चारच वर्षांनी, १६६१ मध्ये, मार्चेल्लो मालपिगी याने सूक्ष्मदर्शकातून बेडकाच्या फुप्फुसात केशवाहिन्या पाहिल्याचे प्रसिद्ध केले आणि वर्तुळ पूर्ण झाले.

येथे एक फरक लक्षात ठेवा. गेलेननेही न दिसणारी छिद्रे मानली आणि हार्वेनेही न दिसणारे मार्ग मानले. परंतु गेलेनची छिद्रे मांडणी सावरण्यासाठी आली होती. हार्वेचे मार्ग कोणालाही पडताळता येईल अशा हिशोबातून आणि प्रयोगातून निघाले होते.