कोडिंग शिकताना हबकून जाऊ नका. सुरुवात कुठून करायची, पुढं कुठं जायचं?

धाराशिव : उमरगा असो की परंडा, संगणकाकडे वळणाऱ्या पोरापोरींची तक्रार बहुतेक एकच असते. सर फळ्यावर प्रोग्राम लिहितात तेव्हा सगळं समजतं, घरी स्वतः लिहायला बसलं की काहीच सुचत नाही. मग 'हे आपल्याला जमायचं नाही' म्हणून पुस्तक मिटतं. पण दुसऱ्याला बघून ट्रॅक्टर चालवायला येत नाही, तसंच हेही आहे. हात बसावा लागतो.

इंग्रजीची भीती

पायथॉन या भाषेत राखीव शब्द फक्त 35 आहेत. तेवढ्यापुरतं इंग्रजी कुणालाही जमतं. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' उपक्रमात बरेच धडे मराठी आवाजात मोफत मिळतात. धडा साधारण दहा मिनिटांचा असतो. थोडं बघायचं, थांबवायचं आणि तेच स्वतः करायचं, ही त्याची पद्धत आहे. लॅपटॉप नसेल तर पायड्रॉइड 3 सारखं अ‍ॅप टाकून मोबाईलवरही सराव होतो.

चूक म्हणजे नापास नव्हे

पायथॉनमध्ये 12 ही संख्या इनपुट म्हणून घेतली आणि तिला 3 ने गुणलं, तर 36 ऐवजी 121212 येतं. नवीन मुलं इथं हमखास गोंधळतात. कारण साधं आहे : इनपुटमधून आलेला आकडा संगणक मजकूर समजतो, म्हणून तो तीनदा लिहितो. 'इंट' वापरून त्याची संख्या केली की उत्तर बरोबर येतं. लाल अक्षरात एरर आली तर आधी शेवटची ओळ वाचावी. काय बिघडलं ते बहुतेक वेळा तिथंच लिहिलेलं असतं.

घरचाच हिशोब करा

पुस्तकातली उदाहरणं उतरवून धीर येत नाही. सोयाबीनचं वजन आणि भाव घ्या, हमाली-तोलाई वजा करा, हातात किती पडतील ते काढा. एवढा प्रोग्राम जमला की चार पट्ट्यांची बेरीज करा, मग हिशोब फाईलमध्ये साठवा. उत्तर बाजार समितीच्या पट्टीशी जुळलं, की आपल्याला येतंय याची खात्री पटते.

पुढची वाट

दहावीनंतर आयटीआयचा एक वर्षाचा 'कोपा' ट्रेड किंवा तीन वर्षांचा पॉलिटेक्निक डिप्लोमा करता येतो. डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. बारावीनंतर बीसीए किंवा सीईटी देऊन इंजिनिअरिंग आहे. वाट कोणतीही धरा, पहिले सहा महिने एकच भाषा धरा. दर महिन्याला नवी भाषा धरणाऱ्याची एकही पक्की होत नाही.

शेजारचं उदाहरण

बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातील दादासाहेब भगत यांनी आयटीआयनंतर इन्फोसिसच्या गेस्ट हाऊसमध्ये साफसफाईचं काम केलं. तिथं संगणकावरची कामं बघून ते अ‍ॅनिमेशनकडे वळले, पुढं पायथॉन आणि सी प्लस प्लस शिकले. तयार डिझाइन पुन्हा पुन्हा वापरता येतात हे कामातून लक्षात आलं आणि त्यातूनच त्यांची 'डिझाइन टेम्प्लेट' कंपनी उभी राहिली. दिशा त्यांना आधी सापडली नव्हती, काम करता करता सापडली.

रोज एक तास आणि आठवड्याला एक पूर्ण केलेला छोटा प्रोग्राम, एवढं धरून ठेवलं तरी वर्षाअखेर पन्नासेक प्रोग्राम आपल्या नावावर असतात.