एक चोरी आणि एक नवी खुर्ची : सिटीबँक, १९९५

जून १९९४ च्या अखेरीस सेंट पीटर्सबर्गमधील एका संगणक कंपनीतून सिटीबँकेच्या ग्राहकांचा पैसा परस्पर हलू लागला. तिजोरी फुटली नाही, पहारेकऱ्याला कोणी धमकावले नाही. ऑक्टोबरपर्यंत असे सुमारे ४० व्यवहार झाले आणि १ कोटी डॉलरहून अधिक रक्कम भलत्याच खात्यांकडे वळली. ही चोरी पुष्कळांना ऐकून ठाऊक असते. तिच्यानंतर बँकेत जे पद निर्माण झाले आणि त्याभोवती जो विभाग उभा राहिला, त्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. हा थ्रेड त्या पदाविषयी आहे.

सिटीबँकेने मोठ्या कंपन्यांसाठी एक रोख-व्यवस्थापन प्रणाली चालवली होती. ग्राहक कंपनीने आपल्याच कार्यालयातील संगणकावरून बँकेशी संपर्क साधावा, नाव व पासवर्ड द्यावा आणि जगातील कोणत्याही बँकेकडे पैसे पाठवावेत, अशी तिची रचना होती. चोरांच्या हाती हीच खरी नावे आणि खरे पासवर्ड लागले होते. त्यामुळे यंत्राच्या लेखी प्रत्येक हुकूम अस्सल होता.

जुलैमध्ये काही कंपन्यांना आपल्या खात्यांतून एकूण ४ लाख डॉलर गायब झाल्याचे आढळले. येथे थोडे थांबायला हवे. गळती आधी ध्यानात आली ती ग्राहकांच्या.

त्यानंतर बँकेने एफबीआयला पाचारण केले आणि संशयित व्यवहारांवर पाळत सुरू झाली. पैसे ज्या परदेशी खात्यांत जात होते ती गोठवण्यात आली. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये खात्यातून पैसे काढण्यासाठी आलेली एक रशियन स्त्री पकडली गेली, पाठोपाठ तिचा पती. त्या दोघांच्या जबाबातून नाव पुढे आले व्लादिमीर लेविन याचे. मार्च १९९५ मध्ये तो लंडनच्या स्टॅनस्टेड विमानतळावर सापडला. अमेरिकेच्या ताब्यात यायला १९९७ साल उजाडले, जानेवारी १९९८ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला आणि त्याला ३ वर्षांची शिक्षा झाली.

सुमारे ४ लाख डॉलर वगळता सर्व रक्कम परत मिळाल्याचे बँकेने सांगितले. सिटीबँकेच्या पसाऱ्यात ही रक्कम किरकोळ म्हणावी अशीच. मग एवढ्यासाठी नवे पद, नवा विभाग आणि त्याला मोकळा हात कशासाठी?

कारण हानी पैशाची नव्हती. ऑगस्ट १९९५ मध्ये हे प्रकरण वृत्तपत्रांत झळकले. बँकेचे सर्वांत मोठे २० ग्राहक गाठून, तुमचा पैसा आमच्याकडे अधिक सुरक्षित राहील, असे प्रतिस्पर्धी बँका सांगू लागल्याची आठवण पुढे नोंदवली गेली. बँक शेवटी विश्वासावर चालते. खातेदाराला आपला पैसा दिसत नाही, त्याला दिसते ती बँकेची पत.

त्यापूर्वी कंपन्यांत संगणकाच्या सुरक्षेचा प्रश्न नव्हता असे मुळीच नाही. मोठे संगणक कुलूपबंद खोल्यांत असत आणि कोणत्या कर्मचाऱ्याला कोणती फाईल उघडता येईल हे ठरवणारी आरएसीएफ ही आयबीएमची प्रणाली १९७६ पासून उपलब्ध होती. २ नोव्हेंबर १९८८ रोजी मॉरिस वर्म या स्वतःच्या प्रती काढत पसरणाऱ्या प्रोग्रॅमने इंटरनेटवरील हजारो संगणक ठप्प केले. त्यानंतर काही आठवड्यांतच अमेरिकी संरक्षण खात्याच्या साहाय्याने कार्नेगी मेलन विद्यापीठात सर्ट हे मदत पथक स्थापन झाले. पण ते साऱ्या गावासाठी ठेवलेल्या अग्निशमन बंबासारखे होते. प्रत्येक वाड्याचा पहारेकरी कोण, हा प्रश्न उरलाच.

बहुतेक ठिकाणी ते काम संगणक विभागाच्याच एखाद्या कोपऱ्यात होत असे, आणि खरी मेख तिथेच होती. संगणक विभागाची पारख होते ती कामे वेळेत झाली का आणि यंत्रणा बंद तर पडली नाही ना, यावर. सुरक्षेची प्रत्येक पायरी वेग कमी करते, खर्च वाढवते आणि ग्राहकाला थोडा त्रास देते. दोन्ही गोष्टींचा निर्णय एकाच अधिकाऱ्याकडे असला, की घाईच्या दिवशी कोणती बाजू मागे पडणार हे सांगायला ज्योतिषी नको. शिवाय स्वतः उभारलेल्या यंत्रणेतील दोष स्वतःच वरिष्ठांना कळवायचे, हे म्हणजे आपलीच उत्तरपत्रिका आपण तपासण्यासारखे.

१९९५ मध्येच सिटीबँकेने जे. पी. मॉर्गनमधून स्टीव्ह कॅट्झ यांना आणले आणि मुख्य माहिती सुरक्षा अधिकारी असे पद त्यांना दिले. या नावाचे हे जगातील पहिले पद मानले जाते. आज प्रत्येक मोठ्या बँकेत दिसणारा 'सीआयएसओ' तो हाच. उत्तम विभाग उभारा, पैशाची काळजी करू नका, असे आपल्याला सांगण्यात आल्याचे कॅट्झ यांनी पुढे नमूद केले आहे. त्यांच्या कामाचा दुसरा भाग मात्र कोणत्याही तंत्रज्ञाला चक्रावून टाकणारा होता. त्यांना जगभर फिरून मोठ्या ग्राहकांना भेटायचे होते आणि बँकेने काय बदलले ते समजावून सांगायचे होते.

बदलही झाले. कायम तोच राहणारा पासवर्ड हा या चोरीचा कच्चा दुवा होता. म्हणून दर वेळी नवा पासवर्ड तयार करून देणारे, खिशात मावणारे कार्ड ग्राहकांच्या हाती आले. आज मोबाईलवर येणारा ओटीपी त्याच कुळातला. परंतु कार्ड कोणत्याही बँकेला विकत घेता आले असते. माहितीची सुरक्षा हा व्यवसायाच्या जोखमीचा प्रश्न आहे आणि तो संचालकांना त्यांच्याच भाषेत सांगितला पाहिजे, हा कॅट्झ यांचा आग्रह अधिक दूरवर पोहोचला.

मे १९९८ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने महत्त्वाच्या उद्योगांना धोक्यांची माहिती आपसांत वाटून घेण्यास सुचवले गेले. १९९९ मध्ये वित्तसंस्थांचे एफएस-आयसॅक हे केंद्र सुरू झाले आणि त्याचे पहिले अध्यक्ष झाले कॅट्झच. सभासद संस्थेला तेथे नाव न सांगता इशारा देता येई. चार वर्षांपूर्वी एकमेकांचे ग्राहक ओढू पाहणाऱ्या उद्योगाला एका टेबलाशी बसवायचे, तर ही निनावी वाट आवश्यकच होती.

हाच विचार भारतात नियमांच्या रूपाने आला. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०११ मध्ये गोपालकृष्ण कार्यगटाच्या शिफारशींवरून व्यापारी बँकांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सुरक्षा अधिकारी पुरेसा ज्येष्ठ असावा, त्याने जोखीम विभागाच्या प्रमुखाला उत्तर द्यावे, माहिती तंत्रज्ञानाच्या प्रमुखाला नव्हे, असे त्यांत स्पष्ट होते. नोव्हेंबर २०२३ च्या निर्देशांत त्याच्यावर व्यवसायाची उद्दिष्टे लादू नयेत, हेही आले.

नागरी सहकारी बँकांचे जग मात्र वेगळे होते. ११ ऑगस्ट २०१८ रोजी पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या एटीएम व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेच्या जागी चोरांची बनावट यंत्रणा 'हो' म्हणू लागली. २८ देशांतील एटीएममधून सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले आणि आणखी अडीच कोटी भारतात. १३ तारखेला स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय संदेश प्रणालीवरून १३.९२ कोटी रुपये हाँगकाँगला गेले. येथेही यंत्राच्या लेखी सारे अस्सलच होते.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट जाहीर केली. पण दोन-चार शाखांच्या बँकेने सिटीबँकेसारखा विभाग कुठून उभारावा? ३१ डिसेंबर २०१९ च्या परिपत्रकाने म्हणूनच या बँकांचे चार स्तर पाडले. ज्या बँकेचे डिजिटल व्यवहार जितके विस्तृत, तितक्या तिच्याकडून अपेक्षा अधिक, आणि अहोरात्र नजर ठेवणारे सुरक्षा केंद्र बंधनकारक झाले ते चौथ्या स्तरावर.