दाबाची उभारणी : एस्प्रेसो, नीरो आणि फेणीची भाण

भुकटी, लगदा किंवा माती यांसारख्या सच्छिद्र थरातून द्रव पुढे जाऊ पाहतो आणि त्याला सहज वाट मिळत नाही, तेव्हा थराच्या अलीकडे दाब वाढत जातो. या वाढीला दाबाची उभारणी म्हणतात. तिचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे एस्प्रेसो कॉफी : सुमारे १८ ग्रॅम बारीक दळलेली, ठासून बसवलेली भुकटी, तिच्यावर ९ बारच्या आसपास दाब आणि २५ ते ३० सेकंदांत उतरणारे ३६ ग्रॅमच्या जवळपास पेय. गोव्याच्या पेडणे तालुक्यात हे भौतिकशास्त्र दोन टोकांना पाहायला मिळते. हरमल, मांद्रे, मोरजीच्या किनाऱ्यावरील कॅफेंमध्ये एस्प्रेसोची यंत्रे आहेत, तर त्याच तालुक्याच्या डोंगरउतारांवर मार्च ते मे या काळात काजूच्या बोंडांचा लगदा धोंड्याखाली दाबून नीरो काढतात आणि आंबवलेला रस भट्टीवर चढवतात. शेजारच्या डिचोलीत हाच नियम खाणींच्या तळाशी काम करतो. ही उदाहरणे एकत्र ठेवली की एक गोष्ट स्पष्ट होते. दाब किती उभा राहील हे जोर लावणारे साधन एकटे ठरवत नाही. पंप, धोंडा किंवा आग फार तर कमाल मर्यादा घालून देतात. तिथपर्यंतचा दाब वाट अडवणाऱ्या थरामुळे उभा राहतो.

एस्प्रेसोचा इतिहासच याला पुरावा आहे. तूरिनच्या आंजेलो मोरिओंदोने १८८४ मध्ये वाफेवर चालणाऱ्या कॉफीयंत्राचे पेटंट घेतले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी मिलानमध्ये बेझ्झेरा आणि पावोनी यांनी ती कल्पना दुकानात आणली. या यंत्रांत बंद बॉयलरमधली वाफच पाण्याला ढकलत असे, त्यामुळे दाब आणि तापमान एकमेकांना बांधलेले होते. वातावरणापेक्षा दीड बार जास्त दाब हवा असेल तर बॉयलरमधले पाणी सुमारे १२७ अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे लागते. ९ बार हवा असेल तर १८० अंशांपर्यंत. इतक्या तापलेल्या पाण्याने कॉफी जळकी आणि कडू होते. म्हणून वाफेची यंत्रे दीड बारच्या आसपास अडकून पडली. दुसऱ्या महायुद्धानंतर आकिल्ले गाज्जाच्या दांड्याच्या यंत्राने ही गाठ सोडवली. पाणी नव्वद-पंचाण्णव अंशांवर राहिले आणि दाब स्प्रिंगने दिला. १९६१च्या फाएमा ई-६१ने स्प्रिंगच्या जागी विजेचा पंप आणला. परंतु जोर हाताशी आल्यावर दळण आधीपेक्षा बारीक आणि ठासलेल्या भुकटीची वडी घट्ट करावी लागली, कारण जाडसर भुकटीतून पाणी आरामात निसटत असेल तर ९ बारची क्षमता कामी येत नाही. दांड्याच्या यंत्राबरोबर दळण बदलले, ही बाब इतिहास सांगताना बहुधा निसटून जाते.

यामागचा नियम आंरी दार्सी या फ्रेंच अभियंत्याने १८५६ मध्ये दीजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याच्या निमित्ताने, वाळूच्या स्तंभांतून पाणी सोडून मांडला. थरातून जाणारा प्रवाह दाबातल्या फरकाच्या, थराच्या क्षेत्रफळाच्या आणि त्याच्या पारगम्यतेच्या प्रमाणात असतो. थराची जाडी आणि द्रवाची श्यानता वाढली की तो घटतो. पारगम्यता ढोबळमानाने कणाच्या व्यासाच्या वर्गावर अवलंबून असते. कण निम्मे केले तर त्याच दाबाला प्रवाह चौथाईवर येतो. म्हणून चक्की किंचित फिरवली तरी पेल्यातली धार बदलते. पहिल्या काही सेकंदांत पाणी वडीवरची रिकामी जागा भरते, कोरडी भुकटी भिजते, कण फुगतात, भाजणीपासून अडकून राहिलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, आणि तेव्हा कुठे दाबमापकाचा काटा चढतो. तो चढला की ५८ मिलिमीटर व्यासाच्या वडीवर सुमारे २४० किलो वजनाइतका भार येतो, वडी आणखी आवळली जाते आणि तिची पारगम्यता पुन्हा कमी होते. थर आणि दाब एकमेकांना असे घडवत जातात.

यावर पहिला आक्षेप असा की, पंपावरचा काटा कॉफी न घालताही ९ बार दाखवतो, मग अडथळ्याचे महत्त्व ते काय? उत्तर काटा कुठे बसवला आहे यात सापडते. अनेक यंत्रांत पंप आणि वडी यांच्यामध्ये एक मिलिमीटरहूनही बारीक छिद्राची तोटी असते आणि काटा तिच्या अलीकडचा दाब दाखवतो. कॉफी नसली तर अडथळ्याचे काम ती तोटी करते आणि तिच्यापलीकडे दाब जवळजवळ शून्य असतो. काटा वडीच्या लगेच वर बसवला तर रिकाम्या यंत्रात तो हलतही नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. अडथळ्यामुळेच दाब उभा राहत असेल, तर जितके बारीक दळावे तितके चांगले, असे मानावे का? तसे होत नाही. ख्रिस्तोफर हेंडन, जेमी फॉस्टर आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले की, एका मर्यादेपलीकडे दळण बारीक केले की कॉफीतून विरघळणारा अंश उलट घटतो. वडीचा काही भाग कोंदून जातो, पाणी उरलेल्या वाटांनी धावते आणि पेल्यागणिक चव बदलते. वरचा दाब मोजून आतल्या वाटा कळत नाहीत. म्हणून चांगला कॉफी करणारा काट्याइतकेच धारेकडे लक्ष देतो, आणि ते योग्यच आहे.

नीरोच्या बाबतीत हीच गोष्ट अतिशय कमी दाबावर घडते. झाडावर पिकून गळलेली बोंडे वेचतात, बी पिळून वेगळी करतात आणि बोंडे खडकात कोरलेल्या खळग्यात पायांनी तुडवतात. हा पहिला रस आंबवायला जातो. उरलेल्या लगद्याचे लहान ढीग करून ते रानवेलीने आवळतात आणि वर धोंडा ठेवतात. त्यातून झिरपणारा नितळ रस म्हणजे नीरो. तो ताजाच पितात. समजा, धोंडा ५० किलोचा आणि ढिगाचा व्यास ३० सेंटिमीटर आहे. मग दाब सुमारे ०.०७ बार भरतो, म्हणजे एस्प्रेसोच्या शंभराव्या हिश्शाच्याही खाली. तरीही रस उतरतो, कारण लगद्याच्या वाटा कॉफीच्या भुकटीपेक्षा पुष्कळ मोकळ्या असतात आणि सेकंदांऐवजी तास हाताशी असतात. दाब कमी असेल तर वेळ जास्त लागेल, एवढेच.

इथे विचारता येईल की धोंड्याचे वजन तर ठरलेले असते. मग लगद्याच्या अडथळ्यामुळे दाब उभा राहतो हे विधान इथे कसे टिकते? एकूण भार ठरलेला असतो हे खरेच आहे. बदलते ती त्या भाराची वाटणी. कार्ल टेर्झागीने १९२५ मध्ये ओल्या चिकणमातीबद्दल जे दाखवले ते बोंडाच्या लगद्यालाही लागू पडते. धोंडा ठेवताक्षणी बहुतेक भार छिद्रांतला रस पेलतो. रस निसटत जातो तसा भार तंतूंच्या सांगाड्यावर सरकतो. सगळा भार सांगाड्यावर गेला की धोंडा जागचा न हलताही झिरपणे थांबते. लगदा अगदी मोकळा असता तर रसावर दाब टिकलाच नसता, तो लगेच वाहून गेला असता. याच सिद्धान्तानुसार निचऱ्याला लागणारा वेळ रसाला कापाव्या लागणाऱ्या अंतराच्या वर्गाप्रमाणे वाढतो. त्याच घाटाचा ढीग लांबी-रुंदी-उंचीने दुप्पट केला तर तितकाच निचरा व्हायला चौपट वेळ लागेल, आणि उन्हाळ्यात तेवढ्या वेळात रस आंबू लागेल. लहान ढीग करण्याची रीत शास्त्राच्या कसोटीवर पूर्ण उतरते, आणि ती मोजमापाची साधने नसलेल्या लोकांनी घडवली हे आदराने नोंदवले पाहिजे. आता पुष्कळ ठिकाणी तुडवण्याऐवजी पिंजऱ्यासारखा दाबयंत्राचा सांगाडा वापरतात. त्याने दाब वाढतो, पण एकदम आवळले तर बाहेरचा थर मिटून आतला रस कोंडला जातो. थांबत थांबत आवळणे हाच त्यावरचा उपाय.

फेणीची भट्टी याच विधानाची उलट बाजू दाखवते. आंबवलेला रस तांब्याच्या भाणेत भरतात, तोंड आणि सांधे मातीने लिंपून बंद करतात आणि खाली जाळ घालतात. वाफ नळीतून जाते, पूर्वी पाणी ओतून थंड केलेल्या लावणी नावाच्या भांड्यात आणि आता बहुधा पाण्यात बुडवलेल्या वेटोळ्यात निवते. पहिल्या उताराला हुर्राक म्हणतात आणि तो पुन्हा उकळून फेणी मिळते. लिंपलेली भाण पाहून आत प्रेशर कुकरसारखा दाब असेल असे अनेकांना वाटते. तो नसतो. लिंपणाचे काम वाफ वाया जाऊ न देण्याचे आहे, तिला कोंडण्याचे नाही. नळीचे दुसरे टोक उघडे असल्याने आतला दाब वातावरणाच्या दाबाहून नाममात्रच जास्त असतो आणि रस शंभर अंशांच्या थोडा खालीच उकळतो. जाळ वाढवला तर वाफेचा प्रवाह वाढतो, दाब फारसा नाही. मात्र लगद्याने किंवा फेसाने नळी तुंबली, तर तोच जाळ क्षणात दाब उभा करतो आणि लिंपण किंवा सांधा उडू शकतो. रस गाळून घेणे आणि भाण काठोकाठ न भरणे या सवयींमागे चवीइतकेच सुरक्षिततेचेही कारण आहे.

डिचोलीतली गोष्ट मोठ्या प्रमाणावरची आणि अधिक गंभीर आहे. इथल्या लोहखनिजाचा बराच भाग भुकटीच्या रूपात असतो. तो पाणी धरून ठेवतो आणि त्याच्या व वरच्या जांभ्याच्या मध्ये पुष्कळ ठिकाणी चिकणमातीचा कमी पारगम्य थर असतो. पावसाळ्यात इथे सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि चिकणमातीने झाकलेले हे पाणी दाबाखाली राहते. खाणीचा खड्डा भूजलपातळीखाली गेला की त्या दाबाला वाट मिळते, पाणी खड्ड्याकडे धावते, आणि ते सतत उपसले की भोवतालच्या विहिरी खाली जातात. शिरगाव-मुळगावच्या ग्रामस्थांनी ही तक्रार वर्षानुवर्षे मांडली आहे. पंप मोठा असला म्हणजे खड्डा कोरडा राहील, हा युक्तिवाद इथे अपुरा पडतो. पाणी किती येणार हे थराची पारगम्यता आणि उघडलेली खोली मिळून ठरवतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८च्या निकालाने थांबलेल्या खाणपट्ट्यांपैकी डिचोली आणि शिरगाव-मये यांचा डिसेंबर २०२२ मध्ये लिलाव झाला. तेव्हा कोणताही खड्डा आणखी खोल नेण्यापूर्वी त्याच्या तळाखालचा पाण्याचा दाब नलिका पुरून मोजावा, आणि ते आकडे त्या गावच्या पंचायतीत लोकांना वाचता येतील असे लावावेत.